डावीकडचे दोन ठिपके

३ फेब्रुवारी

तीर्थरूप मामा (आईने असंच लिही म्हणून बजावलंय, नाहीतर मी तुला तीर्थरूप म्हणणाऱ्यातली नाही),

तुझा तो जुना लँडलाइन फोन अजून बिघडलेलाच आहे का रे? दोन वर्षं झाली. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्यास आणि स्वतःचा फोन तुला दुरुस्त करता येईना, हे तुझ्या जुन्या गिऱ्हाइकांना कळलं तर ती गॅरेज विकलेलं असूनही तक्रार करायला येतील. असो. म्हणून हे पत्र.

मला गाडी घ्यायची आहे. जुनी. माझा धंदा तुला ठाऊक आहे: ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्या घरी जाऊन मी केस कापते. सध्या यादीत एकवीस माथी आहेत. कोणाचा पाय मोडलाय, कोणी अंथरुणाला खिळलंय, आणि एका आजोबांना काहीही झालेलं नाही, त्यांना नुसता कंटाळा आहे. या सगळ्यांसाठी माझी मागे कलणारी खुर्ची न्यावी लागते. ती मी बसमधून नेते. कंडक्टर खुर्चीचं वेगळं तिकीट फाडतो आणि वर म्हणतो, ती उभीच राहील, बसायला जागा नाही. गेल्या महिन्यात उतरताना ती माझ्या पायावर पडली. अंगठ्याचं नख गेलं. आणखी वर्षभर हे असंच चाललं तर मला धंदा सोडून कोणाच्या तरी पार्लरमध्ये नोकरी धरावी लागेल, आणि तिथली मालकीण गिऱ्हाइकाशी काय बोलायचं ते भिंतीवर लिहून ठेवते म्हणे.

तर एक गाडी सापडली आहे. छोटी, उंच, चौकोनी. मी तिला खोकं म्हणते. पत्र्याच्या डब्याला चाकं लावून वर छप्पर ठोकल्यासारखी दिसते, पण मागची सीट पाडली की खुर्ची उभीच्या उभी आत जाते आणि वर चार बोटं जागा उरते. मी टेपने मोजलं. बाकी सगळ्या गाड्यांत खुर्चीचं डोकं सोडवावं लागतं.

मालकीण भूगोलाच्या निवृत्त बाई आहेत. अकरा वर्षं गाडी त्यांच्याकडेच आहे. घर ते वाचनालय, वाचनालय ते घर. एक दातांचे डॉक्टरही मागे लागलेत, त्यामुळे घाई आहे.

तू ये ना. एकच दिवस. नुसतं इंजिन ऐक आणि हो किंवा नाही म्हण. लहानपणी आपण अंगणात बसलेलो असायचो, गल्लीच्या टोकाला गाडी वळायची आणि तू न बघता सांगायचास, याचा दुसरा सिलिंडर मार खातोय. मी हे शाळेत सांगायचे आणि कोणाचा विश्वास बसायचा नाही.

तुझी,
कात्री

८ फेब्रुवारी

कात्रीबाईंना आशीर्वाद,

मी येणार नाही. गुडघे धरलेत. शिवाय मांजरीने माझ्या पान्यांच्या पेटीत पिल्लं घातली आहेत, तिला एकटं टाकून कुठे जाऊ? एकट्या माणसाला वाटतं तेवढी सुट्टी नसते.

पण गाडी बघायला मी कशाला हवा? चार गोष्टी सांगतो तेवढ्या कर. सकाळी सांगितल्या वेळेच्या आधी तासभर जा. बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर बाईंनी आधीच सुरू करून ठेवली होती, म्हणजे थंडीत ती कुरकुरते. कपाळावर हात ठेवून ताप बघतात तसं.

एक चुंबक घे, रुमालात गुंडाळ, आणि सगळ्या पत्र्यावरून फिरव. जिथे चिकटेल तिथे लोखंड. जिथे घसरून खाली पडेल तिथे पुट्टी भरून वरून रंग मारलाय, म्हणजे कुठेतरी धडकलेली आहे. लोक चेहऱ्याला जे करतात तेच गाडीला करतात, हे तुझ्या धंद्यात मी तुला काय सांगू!

पायाखालचा गालिचा उचल आणि वास घे. कुबट आला तर पाणी शिरतंय. ब्रेकच्या पॅडलचं रबर बघ. अकरा वर्षं नुसती वाचनालयात गेलेली गाडी असेल तर ते झिजलेलं नसणार. रबर गुळगुळीत आणि मीटर कमी, तर मीटर खोटं बोलतंय. बाई नाही म्हणत मी, मीटर.

मग बॉनेट उघड आणि जे जे दिसेल ते लिही. तुला कळत नसेल तरी लिही. इंजिन सुरू करून कसा आवाज येतो तेही अक्षरांत लिहून काढ. मला तेवढं पुरेल.

खोकं हे नाव बरोबर आहे. त्या जातीची गाडी दिसायला गाढव असते पण ओझं वाहते. त्या काळी माझ्याकडे खूप यायच्या.

दातांच्या डॉक्टरला घाबरू नकोस. त्या लोकांना सगळं पांढरं लागतं. गाडीचा रंग कोणता?

मामा

१३ फेब्रुवारी

मामा,

रंग राखाडी. डॉक्टर अजून विचार करतायत.

मी सात वाजताच गेले. बाई दात घासत होत्या. बॉनेट थंडगार. मी रुमालात चुंबक घेऊन गाडीभोवती फिरायला लागले तेव्हा त्यांनी खिडकीतून विचारलं, "दृष्ट काढतेयस का?" मी म्हटलं, मामाने सांगितलंय. त्या म्हणाल्या, "मग दोनदा फिर."

चुंबक सगळीकडे चिकटलं. फक्त पुढे डावीकडे, दिव्याच्या खाली, वीतभर जागेत दोन्ही वेळा घसरून पडलं. बाई म्हणतात, त्यांच्या हातून ती कधीच कुठे आपटली नाही. त्या चाळीसच्या वर नेतच नाहीत. चाळीसच्या वर स्टिअरिंग हातात जरा थरथरतं आणि त्यांना ते आवडत नाही. "मलाही साठीनंतर थोडं थरथरायला होतं, मी कुठे तक्रार करते?" असं म्हणाल्या. मला बाई फार आवडल्या. मी त्यांचे केस फुकट कापून देणार आहे.

गालिच्याला वास नाही. पॅडलचं रबर नव्यासारखं. आवाज: खर्र, खर्र, भुम्, आणि मग बराच वेळ तुरतुरतुरतुर. मध्येच एक टिक्. मी रेस केली तर तुरतुर जोरात झालं आणि बाईंनी कानांवर हात ठेवले.

आता खरी गंमत. बॉनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंना, चाकाच्या वर, तीन तीन नट दिसले. त्या नटांवर रंगाचे ठिपके आहेत. उजवीकडे प्रत्येक नटावर एक, डावीकडे प्रत्येकावर दोन दोन. बाई म्हणाल्या, कारखान्यातूनच येत असतील. पण मामा, मी केसांबरोबर माणसांच्या नखांनाही रंग लावून पोट भरते. ते नेलपॉलिश आहे! आणि कोणतं, सांगू? आईचं. ते भयाण वांगी रंगाचं, जे तिने बंद पडणाऱ्या दुकानातून सहा बाटल्या उचलून आणलं होतं आणि जगात दुसऱ्या कुठल्याही बाईने कधी लावलं नाही.

तू नट घट्ट आवळलास की त्यावर ठिपका द्यायचास ना? म्हणजे पुढे नट हलला तर ठिपका सरकलेला दिसेल. मला आठवतंय. बाटली कुठून आणायचास, हे मात्र तू कधी बोलला नव्हतास.

म्हणजे ही तुझ्या हाताखालून गेलेली गाडी आहे! मी आनंदाने बाईंना मिठीच मारली. डावीकडे दोन ठिपके म्हणजे डबल खात्री, हो ना? लवकर लिही.

कात्री

१७ फेब्रुवारी

कात्री,

ही गाडी घेऊ नकोस. त्या गाड्यांचे सुटे भाग आता मिळत नाहीत. राखाडी रंग उन्हात उडतो. आणि तो मधला टिक् मला आवडलेला नाही.

ठिपक्यांचं म्हणशील तर असे ठिपके बरेच फिटर देतात, नेलपॉलिशनेच देतात, ते लवकर वाळतं. ते माझे नाहीत.

दुसरी बघ. डॉक्टरलाही घेऊ देऊ नकोस. बाईंना सांग, भंगारात द्या.

मामा

२० फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र वाचून मी आधी चिडले आणि मग इतकी हसले की ज्यांचे केस कापत होते त्या काकूंनी विचारलं, आरशात काही वेडंवाकडं दिसतंय का!

सुटे भाग मिळत नाहीत? कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये विचारलं, पोत्याने मिळतात. आणि ठिपके म्हणे तुझे नाहीत. अरे, मी आठ वर्षांची असताना आईची एक अख्खी बाटली गायब झाली होती. तिने मला विचारलं, मी नाही म्हटलं, तिला खोटं वाटलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तू तेव्हा आमच्याकडेच राहायचास आणि समोर बसून मुकाट्याने जेवत होतास. आज सव्वीस वर्षांनी मला चोर सापडला आणि चोर म्हणतो, असे ठिपके बरेच फिटर देतात.

कळलं मला सगळं. तू आईला घाबरतोस. तुला वाटलं, मी ही गाडी दारात आणीन, आई बॉनेटमध्ये डोकावेल आणि सव्वीस वर्षांचा हिशेब चुकता करेल. त्यासाठी तू चांगली गाडी भंगारात घालायला निघालास! काय माणूस आहेस. घाबरू नकोस, मी तिला सांगणार नाही. निदान लगेच नाही.

तर मी गाडी घेतली. काल कागद झाले. बाईंनी किल्ली देताना गाडीच्या छपरावर दोनदा थोपटलं आणि मागे न बघता आत निघून गेल्या. पहिल्या दिवशी चार घरं केली, चार! बसने दोन व्हायची. त्या कंटाळलेल्या आजोबांना खाली आणून गाडीत बसवलं आणि एक फेरी मारली. ते पुन्हा वर जायला तयार होईनात.

आणि ऐक. रविवारी, १ मार्चला, मी खोकं घेऊन तुझ्याकडे येतेय. खुर्चीसकट. तुझे केस कापते आणि तुझ्या हातची गाडी तुला दाखवते. हायवेने तीन तास. बाईंनी तिला अकरा वर्षं चाळीसवर ठेवलंय, बिचारीला एकदा मोकळं पळू दे. थरथरण्याचं बघू, नव्वदला म्हणे आपोआप थांबतं, कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणाला.

तुझी,
कात्री

१ मार्च

मामा,

आज सकाळी साडेसातला मी खुर्ची गाडीत चढवत होते तेव्हा फोन वाजला. तुझ्या बिघडलेल्या फोनवरून.

तू ओरडलास, "गाडी काढू नकोस! हायवेला नेऊ नकोस! डाव्या बाजूचा दांडा गेलेला आहे!" मी म्हटलं, मामा, नीट सांग, काय झालं? तू पुन्हा तेच ओरडलास. मी म्हटलं, बरं, नाही नेत. तू ओरडलास, "ऐकतेस ना? काहीतरी बोल ना गं!" मी बोलतच होते, मामा. मीही ओरडायला लागले. समोरच्या बाल्कनीतली माणसं बाहेर आली. मी फोनमध्ये नाही नेत, नाही नेत, नाही नेत असं किंचाळतेय आणि तू पलीकडून म्हणतोयस, "पोरी, हो म्हण. एकदा हो म्हण." मग तू फोन ठेवलास.

मी जिन्यात बसून राहिले.

फोन कधीच बिघडला नव्हता ना?

गाडी दारात उभी आहे. हललेली नाही, हलणार नाही. तार करता आली असती तर बरं झालं असतं. हे पत्र मी आत्ता कुरिअरने पाठवतेय आणि तुमच्या गावात राहणारा माझ्या एका गिऱ्हाइकाचा भाचा आज संध्याकाळी तुझ्या दारात चिठ्ठी घेऊन येईल: "गाडी काढली नाही." तोवर तुझं काय होणार आहे या विचाराने मला बसवत नाहीये.

आता सगळं लिही. कानाचं आणि दांड्याचं. काही लपवलंस तर आईला घेऊन येईन.

कात्री

५ मार्च

कात्री,

चिठ्ठी पोचली. चिठ्ठी आणणाऱ्याला मी आधी पाणी देणार होतो, पण वाचल्यावर मीच पायरीवर बसलो आणि त्यानेच मला पाणी आणून दिलं.

तुझं २० तारखेचं पत्र मला रविवारी सकाळी सातला मिळालं. पोस्टमनने ते चुकून खालच्या शिंप्याकडे दिलं होतं आणि शिंप्याने त्यावर पाठीचं माप लिहून ठेवलं होतं. बसने तुझ्यापर्यंत पोचायला तीन तास. हातात फक्त फोन.

आधी कान. उजवा चार वर्षांपूर्वी गेला, डावा त्याच्या मागोमाग निघाला. चाळीस वर्षं सायलेन्सर काढलेल्या इंजिनांच्या तोंडाशी डोकं घालून बसलो, आणखी काय होणार? गॅरेज मी गुडघ्यांमुळे विकलं नाही. एका माणसाची गाडी मी ठणठणीत म्हणून परत दिली आणि तो वळणापर्यंत जाऊन परत आला. त्याला ऐकू येत होतं ते मला येत नव्हतं. त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं. त्याच महिन्यात मी गॅरेज विकलं. तू मला इंजिन ऐकायला ये म्हणालीस, तेव्हा मांजरीला पुढे करण्यावाचून मला काही सुचलं नाही. मांजर मात्र खरी आहे.

आता गाडी. अकरा वर्षांपूर्वी जुन्या गाड्या विकणाऱ्या एका दुकानदाराने ती माझ्याकडे ओढत आणली. पुढून डावीकडे ठोकलेली. इंजिन आणि चाक ज्याच्या आधाराने असतात तो डावा दांडा वाकला होता. तो कापून नवा बसवायला हवा होता. दुकानदार म्हणाला, गिऱ्हाईक शनिवारी येणार आहे, तापवून सरळ करा आणि वरून पट्टी मारा. तापवलेलं लोखंड मऊ पडतं. हळू चालवली तर वर्षानुवर्षं टिकेल, वेगात एखाद्या खड्ड्यात जोरात गेली तर तुटेल आणि चाक आत वळेल. मी हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, घेणाऱ्याला मी सांगेन. माझ्या गॅरेजचं निम्मं काम त्याच्याकडून यायचं आणि हाताखाली पाच माणसं होती. मी मान हलवली. कोणी माझा हात धरला नव्हता, मी माझ्या मनाने मान हलवली.

एक ठिपका म्हणजे काम झालं, माझी जबाबदारी. दोन ठिपके म्हणजे काम माझंच आहे, पण माझ्या मनासारखं नाही, ही गाडी परत आली पाहिजे. तू त्याला डबल खात्री म्हणालीस ते वाचून मी लगेच घेऊ नकोस म्हणून लिहायला बसलो. ही रीत मी कोणालाच सांगितली नव्हती. चाळीस वर्षांत मी नऊ गाड्यांना दोन ठिपके दिले. आठ शोधून, बोलावून, पदरमोड करून नीट केल्या. ही नववी सापडली नाही. दुकानदाराने रंग बदलला, नंबर दुसऱ्या गावचा झाला. रस्त्यात असं खोकं दिसलं की मी आजही वाकून डावं चाक बघतो. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याच्या कमरेत काहीतरी आहे.

आणि ती सापडली ती तुझ्याकडे. तरी मी तुला खरं सांगितलं नाही, राखाडी रंग उन्हात उडतो म्हणून लिहिलं. लाज वाटली गं. तू शाळेत माझ्या बढाया मारायचीस. जगात तेवढंच एक माणूस होतं, तेही जाईल असं वाटलं.

आईला बाटलीचं सांगितलंस तरी चालेल.

मामा

९ मार्च

मामा,

तीन दिवस मी तुझ्यावर इतकी चिडले होते की एका गिऱ्हाइकाचे केस ठरल्यापेक्षा दोन बोटं जास्त कापले गेले. त्यांना आवडले, पण तो मुद्दा नाही.

तू मला खरं एका ओळीत लिहिलं असतंस तर मी कंटाळलेल्या आजोबांना त्या गाडीत फिरवलं नसतं. त्याबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही. मान हलवण्याबद्दल तुला काय म्हणायचं ते माझं मला कळत नाहीये. ज्या आठ गाड्या तू शोधून काढल्यास त्यांचाही विचार करतेय.

भूगोलाच्या बाईंकडे गेले होते. दुकानदाराने त्यांना काही सांगितलं होतं का, विचारलं. म्हणाल्या, "सांगितलं ना. गाडी एकदम टकाटक आहे म्हणाला." त्यांना खरं सांगितलं तर त्या आत गेल्या आणि सगळी रक्कम घेऊन बाहेर आल्या. गाडी परत घेते म्हणाल्या. मी म्हटलं, आणि मग? म्हणाल्या, "मग मी ती चाळीसवर चालवेन, मला सवय आहे." त्या खरंच तसं करतील म्हणून मी पैसे घेतले नाहीत.

तर गाडी माझी आहे आणि तुला ती परत यायला हवी होती ना, ती आली आहे असं समज. मांजरीला शिंप्याकडे ठेव. शनिवारच्या बसने निघ, पान्यांची पेटी घेऊन. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला वेल्डिंग आणि जागा देईल. नवा दांडा त्याने मागवलाय. नव्वदला थरथर थांबते म्हणाल्याबद्दल तो आता माझ्याशी फार अदबीने वागतो.

आईला बाटलीचं सांगितलं. तिने मला जवळ घेतलं. चौतीस वर्षांच्या घोडीला. मग म्हणाली, "येऊ दे त्याला."

कात्री

२४ मार्च

मामा,

नीट पोचलास ना? बसमध्ये तुला खिडकी मिळाली की तुझ्या पेटीला, ते कळव.

खोकं छान चाललंय. काल ऐंशीला नेलं, स्टिअरिंग पाण्यासारखं स्थिर. तू चार दिवस गाडीखाली पडून जे काम केलंस ते बघायला त्या गॅरेजमधली सगळी माणसं आपलं काम सोडून बसायची, हे तुला दिसलं नाही कारण तुझे फक्त पाय बाहेर होते. जुना दांडा कापून काढल्यावर तू तो हातात घेऊन बराच वेळ बसला होतास, तेव्हा मी मुद्दाम चहा आणायला गेले होते. आई तेवढ्यात तुला काय म्हणाली? तिच्याकडून कळत नाही. नवीन बाटली मात्र तिने स्वतः तुझ्या पेटीत ठेवली. तिने जरा भारीतला रंग निवडलाय, गुलाबी. वांगी आता कुठे मिळत नाही.

पण मी आज बॉनेट उघडलं. डावीकडे अजून दोन ठिपके आहेत. तू निघताना मी विचारलं तर तू म्हणालास, कानाने ऐकल्याशिवाय मी कामाला पास करत नाही. आणि कान नाहीत, तेव्हा विषय संपला.

विषय संपला नाही. कानाचं मशीन मिळतं. तुझं म्हणणं, मशीन लावलं की माणूस म्हातारा दिसतो. मामा, तू एकाहत्तरचा आहेस. मशीन न लावता तू बहिरा आणि म्हातारा दिसतोस. हवं तर मी केस असे ठेवते की कान झाकले जातील, हा माझा धंदा आहे.

नाहीतर मी जन्मभर दोन ठिपक्यांची गाडी चालवत राहीन आणि रोज तुला ते पत्राने कळवत राहीन.

कात्री

३० एप्रिल

कात्री,

तुझ्या रोजच्या पत्रांना कंटाळून शेवटी आणलेलं कानाचं मशीन तू रविवारी गेल्यापासून मी काढलेलं नाही, झोपताना सोडून. फार पश्चात्ताप होतोय. शिंपी शिवणयंत्रावर बसल्या बसल्या दिवसभर एकच गाणं चुकीचं म्हणतो, हे मला चार वर्षं माहीत नव्हतं. मी जेवताना केवढा आवाज करतो! आणि मांजरीची पिल्लं रात्रंदिवस माझ्याबद्दल काहीतरी बोलत असतात. कानावरचे केस तू बरे ठेवलेस, पण शिंप्याने पहिल्याच दिवशी विचारलं, कानात काय घातलंय?

आता कामाचं. तू येणार म्हणून मी नऊपासून अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो, रस्त्याकडे पाठ करून. दहाला दोन गाड्या गेल्या, दुसऱ्याच. मग टोकाला वळताना एक ऐकू आली. तुरतुरतुरतुर. तू लिहिलं होतंस तसंच, अगदी बरोबर लिहिलं होतंस. दांड्याच्या बाजूने काही नाही. खड्ड्यावरून गेली, तरी काही नाही. मी पुन्हा पुन्हा ऐकलं, कारण या कानांवर माझा विश्वास उरला नव्हता. तू हॉर्न देईपर्यंत मी मागे वळलो नाही, कारण मी रडत होतो आणि ते तुला दाखवायचं नव्हतं. आता सांगतोय.

तू आत चहा टाकलास तेव्हा आत ये म्हणून हाक मारत होतीस आणि मी आलो नाही. तुला वाटलं, मशीन बंद पडलं. मला नीट ऐकू येत होतं. मी बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होतो, हातात ब्लेड घेऊन. तीन नट होते, प्रत्येकावरचा एक ठिपका खरवडला. वांगी रंग पक्का असतो, वेळ लागला. गुलाबी वापरलाच नाही. उरलेला ठिपका माझाच होता, तो तसाच पुरे.

तो मधला टिक् अजून आहे. पंख्याच्या पट्ट्याचा आहे, घाबरण्यासारखं काही नाही. पुढच्या वेळी आलीस की काढतो.

बॉनेट उघडून बघ.

मामा